वर चढणारा नायक नेमका कुठे बिघडतो? कादंबरी लिहिणाऱ्या एकाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुमचा नायक दुष्काळी भागातल्या अल्पभूधारक घरातला. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येतो, प्रयत्न वाया जातात, ओळखीतून एका आमदाराच्या कार्यालयात चिकटतो, तिथून जमिनीच्या व्यवहारांत पडतो आणि काही वर्षांत गाडी, बंगला, महापालिकेचं तिकीट असा वर जातो. पाचव्या प्रकरणात हॉटेलच्या खोलीत तो पैशांची बॅग घेतो आणि तिथे त्याचं पतन होतं, असं तुम्ही योजलंय. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: पतन नेमकं कधी दाखवावं, त्यानंतर वाचकाची सहानुभूती कशी टिकवावी, आणि शेवटी त्याला शिक्षा द्यावी का.

मी बरीच वर्षं कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचते, संपादित करते. या प्रकारचा नायक मराठीत सतत येतो, आणि यायलाच हवा, कारण गावातून शहरात आणि शहरातून सत्तेत जाण्याची धडपड हा आपल्या दोन-तीन पिढ्यांचा अनुभव आहे. पण अशा बहुतेक हस्तलिखितांत एक अडचण असते. पहिल्या तीन प्रकरणांत गरिबी, आईचे कष्ट, मुलाची हुशारी. मग एक पुढारी भेटतो, तो मोह घालतो. मग बॅग. बॅगेच्या आधीचा मुलगा आणि बॅगेनंतरचा माणूस हे दोन वेगळे लोक वाटतात, आणि वाचकाला मधला सांधा सापडत नाही. तुम्ही सहानुभूतीची काळजी करताय, पण माझ्या मते तुमची खरी अडचण या सांध्याची आहे.

आता काही गोष्टी तुमच्या कादंबरीवर अवलंबून आहेत. नायक स्वतः ‘मी’ म्हणून गोष्ट सांगत असेल, तर तो स्वतःचं समर्थन करणारच. मग तो काय सांगायचं टाळतो, कुठे घाईने पुढे जातो, यातून वाचकाला त्याचा अंदाज येतो. निवेदक बाहेरचा असेल, तर तुम्हाला नायकाच्या मनाच्या किती जवळ राहायचं हे ठरवावं लागेल. आणि कादंबरी राजकीय उपहासाची असेल, तर पुढचं बरंचसं लागू नाही. तुमच्या सारांशावरून मी धरून चालते की निवेदन तृतीयपुरुषी आहे आणि सूर गंभीर आहे.

या विषयावर कोणी विचारलं की मी फ्रेंच लेखक बाल्झाकच्या ‘पेर गोरियो’ या कादंबरीकडे जाते. 1834-35मध्ये ती ‘रव्यू द पारी’ या नियतकालिकातून क्रमशः आली. कथानक 1819-20च्या पॅरिसमधलं. आंगुलेमजवळच्या गावातून कायदा शिकायला आलेला रास्तिन्याक हा तरुण मादाम वोके नावाच्या विधवेच्या खाणावळवजा घरात महिना 45 फ्रँक देऊन राहतो. गावी आई-वडील, दोन बहिणी, दोन धाकटे भाऊ, एक म्हातारी आत्या. सगळ्या घराचं वर्षाचं उत्पन्न सुमारे 3000 फ्रँक, तेही द्राक्षमळ्यांवर अवलंबून; त्यातले 1200 पोराच्या शिक्षणाला जातात. हे आकडे बाल्झाक पुस्तकात स्पष्ट देतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून गावाकडच्या पैशांवर अभ्यास करणाऱ्या मुलाला हे घर ओळखू येईल.

रास्तिन्याकची एक दूरची नातेवाईक बड्या समाजात वावरते. तिच्या आधाराने तिथे शिरायचं तर कपडे हवेत, हातमोजे हवेत, घोडागाडीचं भाडं हवं. म्हणून तो आईला पत्र लिहितो: 1200 फ्रँक पाठव, वडिलांना सांगू नकोस. बहिणींना वेगळं पत्र लिहून त्यांची साठवलेली पुंजी मागतो. पत्रं पेटीत टाकताना त्याचे हात अडखळतात, तरी तो ती टाकतो. उत्तरं येतात. आईने पैसे पाठवलेत, आत्याने जपून ठेवलेल्या वस्तू विकल्यात. बहिणींनी 350 फ्रँक पाठवलेत, आणि बहिणीचं पत्र आनंदाने उतू चाललंय: आपल्या पैशांचा दादाला उपयोग होतोय याचं तिला अप्रूप आहे, वर ती विचारते, तुला सदरे शिवून पाठवू का?

यापुढचा परिच्छेद मी नव्या लेखकांना वारंवार वाचायला सांगते. रास्तिन्याकला रडू येतं. आईचे दागिने, आत्याचे अश्रू त्याच्या डोळ्यांपुढे येतात, आपण कोण लागून गेलो असं त्याला वाटतं. मग काय वाट्टेल ते करून श्रीमंत व्हायचं आणि या माणसांना सगळी सुखं आणून द्यायची, असा तो निश्चय करतो. मग क्षणभर थांबून तो रक्कम मोजतो: 1550 फ्रँक. यातलं प्रत्येक नाणं कामी आलं पाहिजे. आणि लगेच त्याच्या लक्षात येतं की आपल्याकडे सगळे सदरे जाड्याभरड्या कापडाचे आहेत. काही ओळींत शिंपी बोलावलेला असतो, पटवलेला असतो, आणि जग त्याचं झालेलं असतं.

या जागेवर त्याने काहीही बेकायदा केलेलं नाही, लाच घेतलेली नाही, कोणाला फसवलेलं नाही. रडणं खरं आहे, प्रेम खरं आहे, निश्चयही खरा आहे. तरी माझ्या मते रास्तिन्याक इथेच बिघडतो. आपल्यासाठी कोण किंमत मोजतंय हे त्याने स्वच्छ पाहिलं, त्याला वाईटही वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातूनच त्याने पुढे जाण्याचं कारण तयार केलं. पुढचे सगळे अपराध याच रीतीने होतात, फक्त रकमा वाढतात आणि किंमत मोजणारी माणसं बदलतात.

म्हणून मी कुठल्याही अशा हस्तलिखितात पैशाची वाट शोधते. नायकाच्या हातात पडलेला प्रत्येक मोठा पैसा कोणाच्या अंगावरून आला? ते माणूस नायकाचं कोण? नायकाला ते ठाऊक आहे का, आणि ठाऊक असूनही तो काय करतो? नैतिक गुंता नायकाच्या मनातल्या लांबलचक स्वगतांत मांडायला गेलं की तो उपदेशासारखा होतो. हीच गोष्ट व्यवहारातून दाखवली की वाचक स्वतः हिशेब मांडतो.

आता तुमच्या सारांशाकडे. तुमचं लक्ष बॅगेवर आहे, पण बॅग कोणाची? एका बिल्डरची, ज्याचं वाचकाला काहीच वाटत नाही. एका श्रीमंत माणसाने दुसऱ्या होऊ घातलेल्या श्रीमंताला पैसे दिले, यात वाचकाचं मन कुठे अडकत नाही. उलट दुसऱ्या प्रकरणाच्या सारांशात तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेला आहात: वडील वारल्यावर नायक दोन्ही बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतो आणि वाट्याची जमीन विकून पहिल्या व्यवहारात भांडवल घालतो.

तुमची कादंबरी त्या ओळीत आहे.

महाराष्ट्रात हिंदू कुटुंबांतल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क 1994च्या दुरुस्तीने आला, देशभरात 2005च्या. कायदा आला तसं बहिणीच्या सहीचं महत्त्व वाढलं. वारसनोंदीत तिचं नाव लागतं, आणि मग ते नाव कमी करायला भाऊ तिला तालुक्याला घेऊन जातो. हे घरोघरी घडतं, बहुतेक वेळा भांडण न होता घडतं, आणि कायद्याने त्यात काही चूक नसते. तुमच्या नायकानेही काही चूक केलेली नाही. म्हणूनच ही जागा इतकी मोलाची आहे. ती एका ओळीत उरकू नका, पूर्ण प्रसंग लिहा.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरचा बाक. धाकटी बहीण सासरहून पहाटेच्या एसटीने आलीय, मुलाला सोबत आणलंय कारण घरी बघायला कोणी नाही. दस्त लिहिणाऱ्याने कागद तयार ठेवलेत, आत टोकनचा नंबर यायचाय. थोरलीने घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणलीय आणि ती भावाला आग्रह करतेय, तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस म्हणून. आत गेल्यावर फोटो काढतात, अंगठा यंत्रावर ठेवायला सांगतात. भांडी घासून, शेतात राबून झिजलेल्या अंगठ्याचा ठसा लवकर उमटत नाही, म्हणून कारकून दोनदा पुसून परत ठेवायला लावतो. अधिकारी विचारतो, मोबदला काही घेतलाय का, राजीखुशीने सही करताय ना? ती हसून म्हणते, भावाकडून कसला मोबदला? नायक हे ऐकतो. त्याच वेळी त्याच्या खिशात फोन वाजतो, कारण विसार द्यायची मुदत संध्याकाळपर्यंतच आहे.

मी हे नमुन्यादाखल लिहिलंय. तुमच्या गावाकडचे तपशील तुम्हाला जास्त ठाऊक असतील. यातली एक गोष्ट मात्र धरून ठेवा. बहिणी रडू नयेत, भांडू नयेत. किंमत मोजणारं माणूस तक्रार करायला लागलं की वाचक त्याची बाजू घेतो आणि नायक सरळ खलनायक होतो. बाल्झाकच्या बहिणी पैसे पाठवताना आनंदात आहेत, म्हणून तर ते पत्र इतकं लागतं.

मोह घालणाऱ्या माणसाबद्दलही बोलायला हवं, कारण तुमचा आमदार मला कच्चा वाटला. तो फक्त लबाड आहे. ‘पेर गोरियो’मध्ये त्याच खाणावळीत व्होत्राँ नावाचा माणूस राहतो, तो पळून आलेला कैदी आहे हे पुढे कळतं. तो रास्तिन्याकला एक हिशेब सांगतो: मन लावून कायदा शिकलास तर तिशीपर्यंत वर्षाला 1200 फ्रँकांचा न्यायाधीश होशील, सरकारी वकिलीतल्या सर्वांत वरच्या जागा सगळ्या फ्रान्समध्ये वीस, त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेले वीस हजार. यातलं काहीही खोटं नाही. मग तो सौदा मांडतो. खाणावळीत व्हिक्तोरीन नावाची मुलगी आहे, तिच्या श्रीमंत बापाने तिला नाकारलंय. तिचा भाऊ द्वंद्वयुद्धात मारला जाईल अशी व्यवस्था मी करतो, मग सगळी संपत्ती तिची. तू तिच्याशी लग्न कर आणि मला दोन लाख दे.

रास्तिन्याक संतापून नकार देतो. पण हिशेब त्याच्या डोक्यातून जात नाही, कारण हिशेब बरोबर होता. तुमच्या आमदारानेही असंच खरं बोलावं. स्पर्धा परीक्षेच्या जागा किती, अर्ज किती, वय किती उरलं, तुझ्याबरोबरचे कुठे पोहोचले, हे त्याने शांतपणे समोर ठेवावं. नायकाच्या मनातलं जे तो स्वतःशीही बोलत नाही, ते या माणसाने मोठ्याने बोलावं. असा माणूस साधला की नायकाला त्याचा तिरस्कारही वाटतो आणि ओढही.

याच जागी बाल्झाकने एक गोष्ट केलीय, जिच्याबद्दल माझं मत पूर्ण अनुकूल नाही. नकार दिल्यावरही रास्तिन्याक व्हिक्तोरीनशी गोड बोलत राहतो. कट पुढे सरकतोय हे कळल्यावर तिच्या घरच्यांना सावध करायचं तो ठरवतो. पण त्या संध्याकाळी व्होत्राँ त्याच्या दारूत गुंगीचं औषध घालतो, तो झोपून राहतो, आणि दुसऱ्या दिवशी तो भाऊ मारला जातो. रास्तिन्याक अपराधातून सुटतो, कारण लेखकाने त्याला झोपवलं. नायक फारच काळा होऊ नये म्हणून आपणही असाच आडोसा शोधतो: फोन लागला नाही, निरोप पोहोचला नाही, पाऊस आला. बाल्झाकला तो पचला, कारण त्याआधीच्या दिवसांत रास्तिन्याकला बोलायला पुरेसा वेळ होता आणि तो बोलला नव्हता, हे वाचकाने पाहिलेलं असतं. तुमच्या आठव्या प्रकरणात जमीन मोजणीच्या दिवशी नायकाची गाडी बंद पडते आणि त्याला पोहोचता येत नाही. ती गाडी चालू ठेवा. तो वेळेत पोहोचू दे, समोर उभा राहू दे आणि गप्प बसू दे.

सहानुभूतीबद्दल तुमची भीती मला समजते. अनेक संपादक सांगतात की नायकाला एखादं चांगलं काम करायला लावा, कोणाला मदत करताना दाखवा. मला तो उपाय पटत नाही. वाचकाला ती भरपाई वाटते. वाचक चांगुलपणापेक्षा स्वच्छ नजरेला धरून राहतो. त्याच खाणावळीत राहणारा म्हातारा गोरियो मरणाच्या दारात असताना त्याची मुलगी देल्फीन, जी आता रास्तिन्याकची प्रेयसी आहे, बोसेआँबाईंच्या, म्हणजे रास्तिन्याकच्या त्या दूरच्या नातेवाईक बाईंच्या, नाचाच्या समारंभाला जायला निघते. वेळ आली तर ही बापाच्या देहावरून चालत समारंभाला जाईल, हे रास्तिन्याकला स्पष्ट दिसतं. तिला चार शब्द सुनावण्याचं बळ, तिला नाराज करण्याचं धैर्य, तिला सोडून जाण्याचा सात्त्विकपणा, यांतलं काहीच आपल्याकडे नाही हेही दिसतं. आणि तो तिला घेऊन जातो. मी हे वाचते तेव्हा मला त्याचा राग येतो, पण मी त्याला सोडून जात नाही, कारण तो स्वतःशी खोटं बोलत नाहीये. तुमचा नायक बंगल्याच्या वास्तुशांतीला बहिणींना साड्या देईल, तेव्हा त्या साड्यांची आणि जमिनीची तुलना त्याच्या मनात येऊन जाऊ दे. एका वाक्यात. मग त्याने पाहुण्यांच्या पंगतीकडे वळावं.

एक कामाची युक्ती सांगते, तीही बाल्झाककडूनच. रास्तिन्याक वाचकांना आधी भेटला तो 1831च्या एका कादंबरीत, मुरलेला, चलाख, छानछोकी माणूस म्हणून. ‘पेर गोरियो’च्या हस्तलिखितात विद्यार्थ्याचं नाव सुरुवातीला मासियाक होतं, लिहिता लिहिता बाल्झाकने ते खोडून रास्तिन्याक केलं. म्हणजे शेवट झालेला माणूस त्याच्याकडे तयार होता, आणि तो असा कसा झाला हे लिहायला तो मागे आला. तुम्हीही तुमच्या नायकाचं पन्नाशीचं एक पान लिहून पाहा, कादंबरीत न घालण्यासाठी. सकाळी त्याच्या दारात कोण बसलेलं असतं, बहिणीचा फोन आला तर तो स्वतः उचलतो की सहायकाकडे देतो, गावच्या जत्रेत वर्गणी किती देतो. ते पान झालं की दुसऱ्या प्रकरणातल्या मुलाच्या बोलण्यात कोणती वळणं आधीपासून असायला हवीत, ते दिसायला लागेल. सांधा तिथे जुळेल.

राहिली शिक्षा. इथे मी ठाम आहे: चौकशी, अटक, अपघात, मुलाचं आजारपण, यांतलं काहीही केवळ न्याय व्हावा म्हणून आणू नका. रास्तिन्याक पुढच्या कादंबऱ्यांत एका बँकमालकाच्या संशयास्पद दिवाळखोरीतून श्रीमंत होतो, नंतर मंत्री होतो आणि काउंटही होतो. त्याच लेखकाचा दुसरा असाच वर चढणारा तरुण, ल्युसियाँ, तुरुंगात गळफास घेतो. दोघांच्या मागे एकच व्होत्राँ होता. एकाचे अपराध जड आणि दुसऱ्याचे हलके, म्हणून असं झालं नाही. ल्युसियाँला प्रत्येक वेळी कोणीतरी उचलून धरायला लागायचं, आणि धरणारे हात गेल्यावर तो कोसळला. रास्तिन्याक स्वतःच्या पायांवर उभा राहून तडजोड करायचा. दोघांचे शेवट त्यांच्या स्वभावातून आले. तुमचा नायक मला रास्तिन्याकच्या जातीचा वाटतो. तो निवडून येईल, असा माझा अंदाज आहे.

तो निवडून आला तर शेवटच्या प्रकरणात किंमत कोणाकडे उरली ते दाखवा. गोरियोच्या अंत्यविधीला त्याच्या दोन्ही मुलींच्या फक्त रिकाम्या गाड्या येतात. खर्च दोन विद्यार्थ्यांनी केलेला असतो, आणि कबर खणणाऱ्यांना बक्षिसी द्यायला रास्तिन्याककडे पैसे नसतात, म्हणून तो खाणावळीतल्या नोकराकडून 20 सू, म्हणजे एक फ्रँक, उसने घेतो. मग उंचावरून पॅरिसला आव्हान देतो आणि देल्फीनच्या घरी जेवायला जातो. ते आव्हान होतं की शरणागती, यावर वाचक अजून वाद घालतात, आणि बाल्झाकने निकाल दिलेला नाही.

तुमच्याकडे दोन बहिणी आहेत, विकलेली जमीन आहे, आणि रस्ता जवळून गेल्यामुळे तिचा भाव आता कित्येक पट झालाय. धाकटीच्या मुलाला पुण्यात शिकायचंय. ती मामाकडे येऊन काय मागेल, आणि तो किती देईल, हे आधी ठरवा; निकालाच्या दिवशीचा गुलाल नंतर लिहिला तरी चालेल. आणि सध्या पाचवं प्रकरण बाजूला ठेवून निबंधक कार्यालयाचा प्रसंग लिहून काढा. बॅगेचा प्रसंग ठेवायचा की गाळायचा, हे तो झाल्यावर तुम्हाला स्वतःलाच कळेल. मला विचाराल तर तो एका परिच्छेदात बसेल.